वारं लागणं आणि वारं जाणं

रुझित्सा : मान वर. अजून वर. आणि पाच मिनिटं तोंड बंद ठेव, नाहीतर ओठ जाईल हातात.

तिहोमिर : हातात येतो. जातो तो हातातून.

रुझित्सा : ऐकलंत, पिरोश्काकाकू? गळ्याशी वस्तरा आहे, तरी व्याकरण सुटत नाही. बावीस वर्षं या माणसाशी संसार केला. घटस्फोट घेऊन बारा वर्षं झाली. तरी दर शनिवारी येऊन माझ्याच खुर्चीत बसतो. अख्ख्या किकिंडा गावात दुसरा न्हावी नाही जसा काही!

पिरोश्का : काय म्हणालीस? ड्रायरमध्ये डोकं घातलं की मला नुसतं घोंघावतं.

रुझित्सा : मास्तर छळतात, म्हटलं!

पिरोश्का : ते तर आमच्या पोरांनाही छळायचे. आमच्या लास्लोला ‘परत’ आणि ‘पुन्हा’च्या फरकापायी दोनदा नापास केलं होतं.

तिहोमिर : तीनदा. परत म्हणजे माघारी. त्याला अजून कळलेलं नाही. परवा चौकात भेटला तर म्हणतो, ‘मास्तर, मी परत लग्न करतोय.’

पिरोश्का : करतोय बिचारा. आधीची गेली ना सोडून.

तिहोमिर : मग ‘पुन्हा’ करतोय. परत करायला ते काय दुकानातले बूट आहेत?

रुझित्सा : खोकू नकोस! वस्तरा आहे हातात. तुझा फ्लू अजून गेला नाही वाटतं?

तिहोमिर : फ्लू नव्हता. साधी सर्दी होती.

रुझित्सा : एकोणचाळीस ताप, आठ दिवस अंथरुणात, आणि साधी सर्दी. गेल्या शनिवारी आला नाहीस तेव्हा मी टॉवेल घडी करून ठेवला, म्हटलं, सुटले.

पिरोश्का : राकिया दारूत मोजे भिजवून घातले होते का, मास्तर? माझी आई तेच करायची. रात्रीत ताप उतरतो.

तिहोमिर : घातले. अर्धी बाटली मोज्यांना, अर्धी मला.

रुझित्सा : आणि मोज्यांना आधी उतार पडला. रक्तदाबाच्या गोळ्या तरी चालू होत्या ना?

तिहोमिर : तापात बंद केल्या. माणसानं एका वेळी किती गोळ्या खायच्या?

रुझित्सा : शाबास. आणि लस?

तिहोमिर : ती घेणारच होतो. पण दवाखान्यानं वाटलेलं पत्रक वाचलं. ‘लसीकरन’. बाणातला ण सोडून नळातला न. ज्यांना ण काढता येत नाही त्यांना मी दंडात सुई घालू देणार नाही. पत्रक लाल शाईने तपासलं आणि त्यांना परत पाठवलं. इथे ‘परत’ बरोबर आहे.

रुझित्सा : काकू, हा माणूस उद्या मेला तर दारावर लावायचा मृत्युलेख मला दहा जणांकडून तपासून घ्यावा लागेल. नाहीतर उठून बसेल.

पिरोश्का : ए, रेडिओ मोठा कर गं. दहाच्या बातम्या लागल्या.

तिहोमिर : ऐका, ऐका. ‘पूरग्रस्तांची मदत करा’ म्हणाली! पूरग्रस्तांची मदत म्हणजे पूरग्रस्तांनी केलेली मदत! पूरग्रस्तांना मदत करा, बाई! जनतेच्या रेडिओवर असली भाषा!

रुझित्सा : झालं? आता डावी बाजू संपली. थांब, उजवीकडे फेस लावते. आज बाहेर बर्फ नाही, नुसतीच थंडी. दार जरा उघडं ठेवलंय, धूर होतो शेगडीचा.

तिहोमिर : चौकातल्या त्या झाडावर आज पुष्कळ किटल्या बसल्यात.

रुझित्सा : काय बसल्यात?

तिहोमिर : किटल्या. दर हिवाळ्यात येतात त्या. ज्यांचे फोटो काढायला लोक येतात.

रुझित्सा : घुबडं?

तिहोमिर : मग मी काय म्हणालो?

रुझित्सा : किटल्या म्हणालास! काकू, तुम्ही साक्षीदार. बावीस अधिक बारा, चौतीस वर्षांत पहिली चूक! मी ही चौकटीत घालून आरशाशेजारी लावणार. घुबडाला किटली!

तिहोमिर : तू तो चमचा जरा... लांब... धर.

रुझित्सा : आता वस्तऱ्याला चमचा? अरे, एका दिवशी किती खूश करशील मला? बरं, गाल ताण. उजवा गाल. ताण ना. फुगव. तिशा, फुगव म्हणतेय. ओठाच्या कडेने फेस का गळतोय तुझा?

तिहोमिर : गळत... नाय.

रुझित्सा : काय म्हणालास?

तिहोमिर : नाय.

रुझित्सा : काकू, तो ड्रायर बंद करा. आत्ता. याच्याकडे बघा. हा ‘नाय’ म्हणाला.

पिरोश्का : सगळेच म्हणतात गं.

रुझित्सा : हा म्हणत नाही! लग्नात फादरनी ‘नाय’ म्हटलं तर त्यांना थांबवून ‘नाही’ म्हणायला लावलं होतं यानं. तिशा, माझ्याकडे बघ. हस. दात दाखव.

पिरोश्का : अगं बाई! तोंड वाकडं झालं की मास्तरांचं! वारं लागलं. मी मघापासून म्हणत होते, समोरचं दार उघडं, मागची खिडकी उघडी. आरपार वारा आणि त्यात ओला गाल. लाव ते दार आधी. माझ्या मेहुण्याला असंच झालं होतं, गाडीच्या काचेतून. दोन आठवड्यांनी सरळ झाला.

तिहोमिर : वारं. काकू... बरो... बर.

रुझित्सा : दोन्ही हात वर कर. या कापडाखालून बाहेर काढ आणि समोर धर. दोन्ही! उजवा कुठे आहे?

तिहोमिर : वर आहे.

रुझित्सा : मांडीवर आहे, तिशा. मांडीवर पडलाय तो.

पिरोश्का : दार लावते मी. आणि माझ्या पिशवीत छोटी बाटली आहे राकियाची, गालाला चोळू. एक घोट पोटातही जाऊ दे...

रुझित्सा : त्याच्या तोंडात एक थेंब घातलात तर सगळे रोलर केसांसकट उपटीन! पाणीसुद्धा द्यायचं नाही. घशात अडकेल. काकू, हे वारं लागणं नाही. हे अंगावरून वारं जाणं आहे. कळतोय फरक? मास्तर, तुम्हाला कळतोय ना फरक? तुमचाच विषय आहे!

तिहोमिर : घरी... जातो. पडतो जरा.

रुझित्सा : पडतो? आईही तेच म्हणाली होती. ‘जरा पडते.’ तिचं तोंड असंच खाली आलं होतं, आणि तू काय म्हणालास? ‘सासूबाईंना वारं लागलंय, खिडक्या लावा.’ इतकं शुद्ध, इतकं ठणकावून म्हणालास की सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापर्यंत आम्ही तिच्या गालाला राकिया चोळत बसलो. चौथ्या दिवशी ती गेली. आणि तू दारावरच्या तिच्या मृत्युलेखात लाल शाईने स्वल्पविराम घातलास! खुर्चीतून उठायचं नाही. फोन कुठे आहे माझा?

पिरोश्का : हा घे. आरशाखालीच होता.

रुझित्सा : हॅलो, एकशे चौऱ्याण्णव? रुग्णवाहिका पाठवा. रुझित्साचं केशकर्तनालय, चौकात, औषधाच्या दुकानाशेजारी. माणूस चौसष्ट वर्षांचा. तोंड उजवीकडे खाली आलंय, उजवा हात उचलत नाही, शब्द चुकतायत... नाही, प्यायलेला नाही. मघाशी चांगला होता, रेडिओवरच्या बाईच्या चुका काढत होता... हो, रक्तदाब आहे. गोळ्या बंद केल्यात महाशयांनी... हो, थांबते. कुशीवर? डोकं जरा वर? बरं. लवकर या. नाही, मी ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे!

तिहोमिर : दा... ढी.

रुझित्सा : काय?

तिहोमिर : अर्धी... नाही जाणार. अर्धी दाढी.

रुझित्सा : अर्धं तोंड गेलंय आणि तुला अर्ध्या दाढीची पडलीय! जायचं. असंच जायचं. फेसासकट. काकू, तुम्ही कोपऱ्यावर उभ्या राहा, गाडी दिसली की हात करा.

पिरोश्का : रोलर घालून? ओल्या केसांनी? मला वारं लागेल!

रुझित्सा : काकू!

पिरोश्का : जाते, जाते. टॉवेल दे डोक्याला. देवा, त्या मास्तरांना सांभाळ, आमच्या लास्लोला तीनदा नापास केलं तरी सांभाळ...

रुझित्सा : तिशा, इकडे बघ. माझ्याकडे. डोळे मिटायचे नाहीत. मला काहीतरी चुकीचं बोलू दे. ‘परत परत.’ ‘माझी मदत कर.’ चिडतोयस का? चीड. चिडत राहा.

(शहराचा दवाखाना. अकरा वाजायला दहा मिनिटं. तिहोमिरला स्ट्रेचरवरून आत नेलं आहे.)

डॉ. नेवेना : बाई, एकच सांगा. ते शेवटचे एकदम नीट कधी होते? अंदाज नको, वेळ हवी.

रुझित्सा : दहा वाजता. दहाच्या बातम्यांत त्यानं चूक काढली. एक शब्दही न अडखळता, भाषणच दिलं. पाच-सात मिनिटांनी घुबडांना किटल्या म्हणाला.

डॉ. नेवेना : खात्री आहे?

रुझित्सा : डॉक्टर, तो बरोबर बोलत होता की नाही हे या गावात माझ्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही. त्याच भांडणात जन्म गेला माझा.

डॉ. नेवेना : छान. म्हणजे तास पण झाला नाही. रक्ताची गाठ विरघळवायचं औषध असतं, ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आधी डोक्याचा स्कॅन, रक्तस्राव नाही ना ते बघते. तुम्ही इथेच बसा.

रुझित्सा : त्याची अर्धी दाढी...

डॉ. नेवेना : ती मी पाहिली. त्याला औषध नाही माझ्याकडे.

*

डॉ. नेवेना : रुझित्साबाई? जाग्या आहात?

रुझित्सा : दोन तासांत एकदाही डोळा मिटला नाही. भिंतीवर ‘शांतता पाळा’ लिहिलंय, तेच वाचत बसलेय. बोला पटकन. मेला का?

डॉ. नेवेना : नाही हो. डावीकडच्या मेंदूत गाठ अडकली होती. औषध दिलंय. हात थोडा उचलायला लागलाय. बोलणं अजून विस्कटलेलं आहे, ते हळूहळू येईल. किती येईल ते आज नाही सांगता येणार. पण तुम्ही लवकर आणलंत, हे त्यांचं नशीब.

रुझित्सा : नशीब कसलं. न्हावीण त्याची मी.

डॉ. नेवेना : आता थोडं विचारते. गेल्या दोन-तीन आठवड्यांत काही आजारपण? ताप, खोकला?

रुझित्सा : फ्लू झाला होता. तो साधी सर्दी म्हणतो. ताप एकोणचाळीस. त्याचा या डोक्याशी काय संबंध? फ्लू तर नाकात असतो.

डॉ. नेवेना : नाकातून येतो. राहतो तिथे नुसता नाकापुरता नाही. अंग त्याच्याशी भांडतं ना, तेव्हा सगळीकडे दाह होतो, रक्तवाहिन्यांच्या आतसुद्धा. रक्त लवकर गोठायला लागतं. वर ताप, अंगातलं पाणी कमी. फ्लूनंतरच्या पहिल्या काही दिवसांत पक्षाघाताचा धोका चांगलाच वाढलेला असतो. मग तो आठवड्यागणिक उतरत जातो. सगळ्यांनाच होत नाही, घाबरू नका. पण ज्याचा रक्तदाब आधीच जास्त आहे...

रुझित्सा : आणि गोळ्या बंद केल्यात. आणि उरलेली अर्धी बाटली राकिया पोटात घातलीय.

डॉ. नेवेना : हे तर त्यांनी मला सांगितलंच नाही.

रुझित्सा : सांगितलं असेल. तुम्हाला किटली ऐकू आलं असेल.

डॉ. नेवेना : हसा, हसा. बरं असतं. लस घेतली होती का त्यांनी?

रुझित्सा : नाही. कारण विचारू नका. सांगितलं तर तुम्ही त्याला पुन्हा बाहेर ठेवाल.

डॉ. नेवेना : पुढच्या शरद ऋतूत घ्यायला लावा. फ्लू टळला तर त्यापाठोपाठचा हा धोकाही बराच टळतो.

रुझित्सा : डॉक्टर, एक विचारू?

डॉ. नेवेना : विचारा.

रुझित्सा : माझी आई. बारा वर्षं झाली. तिला फ्लू झाला, बरी झाली, उठून स्वयंपाकाला लागली. मग आठवड्याने एका सकाळी तोंड असं वाकडं. आम्ही म्हटलं, वारं लागलं. खिडक्या लावून घेतल्या. म्हणजे तेही... फ्लूमुळेच?

डॉ. नेवेना : बारा वर्षांपूर्वीचं, न पाहिलेल्या माणसाचं, मी कसं सांगू? पण तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते मी या हिवाळ्यात याच बाकावर सात जणांकडून ऐकलंय. खिडकीसकट.

रुझित्सा : खिडकीचा काहीच संबंध नाही?

डॉ. नेवेना : आहे ना. घरात कुणाला फ्लू असेल तर ती उघडी ठेवावी. बाकी इथल्या वाऱ्यानं आजपर्यंत कुणाचंही वाईट केलेलं मी पाहिलेलं नाही. तुम्ही रडताय का?

रुझित्सा : नाही. कालपासून नाक वाहतंय.

डॉ. नेवेना : मग मास्क लावा आणि आत जाऊ नका.

रुझित्सा : मग रडतेय. आत सोडा.

*

रुझित्सा : उठलास का? आज नववा दिवस. सोडतायत तुला. कपडे आणलेत. तुझी बहीण गाडी पाठवू शकत नाही म्हणाली, म्हणून मीच आणलीय. तिच्या गावी, बेचेयला सोडते तुला. माझ्याकडे नाही. डोक्यातून काढून टाक.

तिहोमिर : मी... बोललो काय?

रुझित्सा : बोलायच्या आधीच सांगितलेलं बरं. तुला हल्ली एक वाक्य जुळवायला पंधरा मिनिटं लागतात, मला दुकान उघडायचंय. उजवा हात आधी घाल. हळू. चांगला उचलतोयस की.

तिहोमिर : ती... व्यायामवाली. रोज... पिळते.

रुझित्सा : पिळू दे. आणि बोलायला शिकवणारी येते ना? काय म्हणते?

तिहोमिर : चित्र दाखवते. गाय. मी म्हणतो... खुर्ची. ती म्हणते, छान. छान काय? चूक आहे!

रुझित्सा : तुला चूक कळतेय ना, मग बरा होणार तू. तिला लाल पेन दिलं नाहीस म्हणजे मिळवलं.

तिहोमिर : रुझित्सा.

रुझित्सा : हं.

तिहोमिर : खिडक्या. तुझ्या... आईच्या. मी लावल्या. मी म्हणालो, वारं. मी... खात्री... ठणकावून. चूक. माझी.

रुझित्सा : थांब, हे बटण लावू दे.

तिहोमिर : कळलं का? नीट... बोललो?

रुझित्सा : नीट बोललास. ऐक. तिच्या खोलीला चार खिडक्या होत्या, तिशा. दोन तू लावल्यास. उरलेल्या दोन मीच लावल्या. मलाही तेच वाटलं होतं. बारा वर्षं चारही तुझ्या नावावर टाकल्या.

तिहोमिर : पण... स्वल्प... विराम.

रुझित्सा : तो तुझ्याच नावावर. तो मी माफ केलेला नाही. पाय पुढे कर, बूट घालते. हा डावा. अरे, डावा!

तिहोमिर : हाच डावा.

रुझित्सा : हो, बरोबर. माझंच चुकलं. चल, गोळ्यांची पिशवी धर. या रक्तदाबाच्या, या रक्त पातळ करायच्या. एक चुकवलीस तर तुझ्या बहिणीला कळवीन. आणि ऑक्टोबरात मी स्वतः येऊन तुला लस टोचायला नेणार आहे. पत्रक वाचायला देणार नाही.

तिहोमिर : तू पण.

रुझित्सा : मी पण काय?

तिहोमिर : तू पण... टोच. तुझं वय... साठ... एकसष्ट.

रुझित्सा : आकडे बरे शाबूत राहिलेत! टोचून घेईन. काकूंनाही नेणार आहे. त्या रोलर घालून कोपऱ्यावर उभ्या राहिल्या त्याला नऊ दिवस झाले. साधी शिंकही आली नाही. तेव्हापासून सगळ्या गावाला सांगत सुटल्यात की टॉवेलनं वाचवलं.

तिहोमिर : बहीण... फोन आला. सकाळी. जेवायला... केलंय. तुलाही.

रुझित्सा : मला? बारा वर्षांत तिनं मला कधी पाणी विचारलं नाही. काय केलंय?

तिहोमिर : टोपी.

रुझित्सा : टोपी?

तिहोमिर : गरम. वाटीत. त्यात... मासा. टोपी.

रुझित्सा : बरं. थांबते जेवायला. खाऊ टोपी.